चारशे बारा बायांचा एकच आकडा

विणाई खात्यातल्या माझ्या बायांनो,

आपल्या सगळ्यांना गेली दोन वर्षं एकच वाक्य ऐकवलं जातंय, आणि तेही आपल्याला ओठांवरून वाचावं लागतंय: "तुमचे कान वयानं गेले, मागांनी नाही." पस्तिशीतल्या बाईला दारावरची थाप ऐकू येत नाही, ते म्हणे वय. पोरगं मागून हाक मारून मारून रडायला लागतं, ते म्हणे वय. एकाच खात्यातल्या चारशे बाया एकाच वेळी म्हाताऱ्या कशा झाल्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

चार एप्रिलला चौकशी अधिकाऱ्यासमोर आपल्या कानांच्या भरपाईची सुनावणी आहे. त्याआधी माझी आणि माझ्या भाचीची ही पत्रं मी तुमच्यासमोर ठेवते. ती दुसऱ्या गावात संगणकाचं काम करते. तिचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, आपल्या गिरणीच्या दवाखान्यात सोळा वर्षं कान तपासणारा. तुम्ही सगळ्या त्याला दादाच म्हणत होतात. पत्रं मी भाचीला विचारून छापली आहेत आणि त्यातली एक ओळही गाळलेली नाही.

४ फेब्रुवारी

चिमे,

फोन करू नकोस म्हणून दहादा सांगितलं, तरी तू करतेसच. मला पलीकडून नुसती घरघर ऐकू येते आणि मी अंदाजानं "हो, हो" म्हणते. गेल्या खेपेला कशाला हो म्हटलं, देव जाणे. आणि मोबाइलवरचे तुझे तुटक संदेश वाचले की वाटतं, पोरगी रागावली आहे. तू आपली कागदावर लिही.

बातमी ऐक. गिरणीचा दवाखाना रिकामा करत होते. आमची गाठवाली तिथं उभी होती. तुटलेला धागा न बघता जोडायची, ती. कपाट भंगारात निघालं तेव्हा तिनं आतली एक सीडी उचलून पिशवीत टाकली. वर तुझ्या बापाचं अक्षर आहे: "कानतपासणी, सोळा वर्षं." चिमे, आमचे सगळ्यांचे कान त्या चकतीत आहेत!

कंपनीनं चौकशी अधिकाऱ्याला लेखी कळवलंय की नोंदी जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत, तो प्रोग्रॅम विकणारे दुकान बंद करून गेले, म्हणून नोंदी कुणालाच वाचता येत नाहीत. काम करता करता वर्षागणिक कान उतरत गेले, एवढं आम्हाला दाखवता आलं तर आमचं बहिरेपण कामानं आलंय हे सिद्ध होतं. नाहीतर ते वयाच्या खात्यात जाणार.

इथल्या वाचनालयात सगळ्या संगणकांवर लिनक्स आहे, ती फुकटातली संगणकप्रणाली. ग्रंथपालानं सीडीची प्रत पेनड्राइव्हवर काढून दिली. फाइलचं नाव "कान" आणि पुढं एमडीबी. उघडायला गेलं की पाटी येते, हा प्रकार ओळखता येत नाही. ग्रंथपाल म्हणाला, "आजी, ही फाइल फक्त तिच्या मालकाच्याच प्रोग्रॅममध्ये उघडते." मी म्हटलं, "आजी असेल तुझ्या घरी. कुलूप कुणाचंही असो, आतले कान आमचे आहेत."

तूच सांग, ही उघडायची कशी? आणि दादाला सांग, तुझी सोळा वर्षांची मेहनत सापडली. खूश होईल.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उघडेल. काळजी करू नकोस.

अशा फाइलची आतली मांडणी कशी आहे, ते बनवणारी कंपनी कुणाला सांगत नाही. म्हणजे वही तुझी, अक्षर तुझं, पण वाचायचा चष्मा त्यांच्याकडूनच घ्यायचा. पण काही चिकट माणसांनी अशा फायली वर्षानुवर्षं चाचपून ती मांडणी शोधून काढली आणि लिनक्ससाठी हत्यारं करून सगळ्यांना फुकट दिली. तुझ्या फाइलसाठीच्या हत्याराचं नाव एमडीबी-टूल्स. ग्रंथपालाला ते बसवायला सांग. दोन आज्ञा इंग्रजी अक्षरांत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिल्यात. पहिलीनं फाइलमधल्या सगळ्या तक्त्यांची नावं दिसतात, दुसरीनं हवा तो तक्ता ओळीनं बाहेर येतो.

एक लक्षात ठेव. गिरणीतल्या संगणकावर रंगीत चौकट दिसायची ना, नाव, वर्ष, "योग्य"? ती दुकानाची काच. मांडून ठेवलंय तेवढंच काचेतून दिसतं. लिनक्सवर ती काच येतच नाही, तू थेट गोदामात उभी राहतेस.

पण तू कशाला डोकं शिणवतेस? पेनड्राइव्ह मला पाठव, आठवड्यात करून देते.

बाबांना सांगितलं. भाजी चिरत होते. म्हणाले, "कुठली सीडी?" मी सांगितलं. सुरी खाली ठेवून म्हणाले, "भंगारात कशी गेली नाही ती?" आणि परत चिरायला लागले.

तुझी चिमी

१६ फेब्रुवारी

चिमे,

पेनड्राइव्ह सोबत आहे. एक प्रत मी माझ्याकडं ठेवलीय.

दादाचं वाचून डोळे भरून आले. हळवा झालाय, दुसरं काय! काचेच्या त्या खोक्यात एकेक बाईला बसवायचा, कानाला यंत्र लावायचा आणि म्हणायचा, "शिट्टी ऐकू आली की बोट वर कर." पण आम्ही विणकर बाया. मागांच्या धडधडाटात बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी, त्यामुळं डोळे सारखे समोरच्याच्या तोंडावर. शिट्टी ऐकू यायच्या आधीच त्याचा हात बटणाकडं गेला की बोट वर! त्यानं ओळखलं आणि खुर्ची भिंतीकडं फिरवून टाकली. इतका पक्का माणूस. त्यानं टिपलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लवकर कर गं. गाठवाली रोज येऊन भुवया उडवते, म्हणजे "आलं का?"

आत्या

९ मार्च

प्रिय आत्या,

उशीर झाला, माफ कर. कामाची गडबड होती आणि बाबांचंही बरं नव्हतं.

फाइल मधेच खराब झालेली आहे. एकच तक्ता हाती लागला, "अहवाल". त्याची छापील प्रत सोबत आहे. चारशे बारा बाया, सोळा वर्षं. सगळ्यांपुढं "योग्य" आहे. उतरलेले कान त्यात दिसत नाहीत, त्यामुळं चौकशीत याचा उपयोग नाही, उलट कंपनीच ते वापरेल. माझं ऐकशील तर ही फाइल सोडून दे. सगळ्यांच्या नव्यानं तपासण्या करून घ्या आणि त्याच पुढं करा.

बाबा तुझी आठवण काढतात.

चिमी

१४ मार्च

चिमे,

मी सव्वीस वर्षं कापड विणलं. शंभर वारांच्या ताक्यावर "एकही दोष नाही" अशी चिठ्ठी आली की आम्ही म्हणायचो, तपासणाऱ्यानं ताका उलगडलाच नाही. तू पाठवलेल्या प्रतीत दर बाईच्या शेवटच्या तपासणीपुढं एकच आकडा आहे. पंचवीस. पंचवीसपर्यंत कान चांगला, त्याच्या वर गेला की उतरला, एवढं मला दादानंच शिकवलंय. चारशे बारा बाया आणि एकजात पंचवीस? अगं, चारशे बारा बायांची चपलांची मापंसुद्धा सारखी येत नाहीत!

म्हणून मी वाचनालयात गेले. ग्रंथपालानं हत्यार बसवून दिलं. म्हणाला, "मी टाइप करून देऊ का?" मी म्हटलं, "नको. आजवर दुसऱ्यानं उघडून दिलेलंच वाचत आले." तुझी चिठ्ठी समोर ठेवून एकेक अक्षर दाबलं. पहिल्यांदा जोडरेघ राहिली, दुसऱ्यांदा मोकळी जागा. चौथ्या खेपेला तीन शब्द आले. कामगार. अहवाल. मूळ.

फाइल कुठंही खराब नाही, चिमे. तीच फाइल आहे, तेच हत्यार आहे आणि तुझेच शब्द आहेत. माझ्यासारखीला जे चार खेपांत दिसलं, ते तुला तीन आठवड्यांत दिसलं नाही?

"मूळ" तक्ता मी बाहेर काढला. माझा बिल्ला २२१७. तिसऱ्या वर्षी तीस. आठव्या वर्षी पंचेचाळीस. शेवटच्या वर्षी पासष्ट. शेजारी एक रकाना आहे, "वयाची वजावट". पासष्टातून चाळीस वजा, राहिले पंचवीस. पुढची बाई, साठातून पस्तीस वजा, पंचवीस. त्याच्या पुढं घडीखात्यातून आलेली ती हसरी पोर, वय एकोणीस. पंचेचाळीसातून वीस वजा. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या वयाचे वीस! आईच्या पोटातच म्हातारी झाली होती का ती?

शेवटचा रकाना "नोंद करणारा". सोळा वर्षं, सगळ्या ओळींत एकच नाव. ते मी इथं लिहीत नाही. माझ्या आणि तुझ्या नावापुढं तेच आडनाव लागत आलंय.

दादानं काय केलं ते त्याला विचारीन. तुला एवढंच विचारते. तू हे कुठल्या दिवशी पाहिलंस, आणि "फाइल खराब आहे" हे शब्द लिहिताना तुझा हात अडखळला का गं?

आत्या

१९ मार्च

आत्या,

पहिल्याच दिवशी पाहिलं. वीस फेब्रुवारीला, पेनड्राइव्ह आला त्या दुपारी. हात अडखळला. त्या पत्राचे चार कागद फाडले मी.

तुझं पत्र घेऊन बाबांच्या समोर बसले. जे बोलणं झालं ते तसंच लिहिते.

मी म्हटलं, "आत्यानं मूळ तक्ता पाहिला."

ते म्हणाले, "तिला कुणी शिकवलं?"

"मीच."

"शाबास." मग म्हणाले, "साहेबानं सांगितलं होतं, ज्या बाईचा आकडा पंचविसाच्या वर जाईल तिचा माग काढून घ्यायचा आणि तिला घरी बसवायचं. त्यांना मागांवर आवाज अडवणारी झाकणं आणि कानांना बोळे देण्यापेक्षा ते सोपं होतं. मी बायांचं काम वाचवलं."

"आणि कान?"

"कान काय, जायचेच होते."

"आत्याचेसुद्धा?"

"तिचा आकडा मी सगळ्यांच्या आधी बदलला. तिचा माग गेला असता तर ती जगली असती का? तूच सांग."

मी विचारलं, मग मूळ आकडे का ठेवले, पुसले का नाहीत? म्हणाले, "हात धजला नाही." आत्या, ते वाईट असते तर त्यांनी ते पुसले असते. त्यांनी खरे आकडे जपून ठेवले. एवढं तरी त्यांच्या बाजूनं धर.

ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. गल्लीत लोक अजून त्यांना "डॉक्टर" म्हणतात. मी रोज त्यांच्या समोर बसून जेवते. म्हणून खोटं लिहिलं, दुसरं कारण नाही.

एक विनंती करते. मूळ तक्ता चौकशीत दे. सगळे आकडे दे. फक्त शेवटचा रकाना काढून टाक. नोंद कुणी केली यानं तुमच्या कानांना काय फरक पडतो? तो रकाना काढलेली प्रत मी तयार करून सोबत पाठवलीय. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

चिमी

२२ मार्च

चिमे,

तुझी प्रत परत पाठवते.

तुझ्या बापानं एक रकाना झाकला आणि चारशे बारा बाया बहिऱ्या झाल्या. आता तू म्हणतेस, आत्या, तूही एक रकाना झाक. म्हणजे हा घरचा धंदाच झाला की!

"खरे आकडे जपून ठेवले," म्हणतेस. कुणासाठी गं? मी वर्षातून एकदा त्या खुर्चीत बसत होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर. मला सांगितलं असतं तर त्याला जपणं म्हणतात. माणसाला विहिरीकडं चालत जाऊ द्यायचं आणि विहिरीची खोली मात्र वहीत बरोबर लिहून ठेवायची, याला काय म्हणतात ते तू मला सांग. आणि काम वाचवलं म्हणतो! ज्या कामानं कान जातात ते कान देऊन ठेवायचं की नाही, हे आम्ही ठरवलं असतं. कदाचित ठेवलंही असतं. मी तर नक्कीच ठेवलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर झाकणांसाठी बोंबही मारली असती. म्हणून तर मला सांगितलं नाही.

आता मी तुला असं काही सांगते जे आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. आठव्या वर्षी एक कानाची डॉक्टरीण गिरणीच्या गेटवर आली होती. तरुण, गळ्यात साधी पिशवी. म्हणाली, "मी तुम्हा सगळ्यांचे कान बाहेर, स्वतंत्र तपासते." बाया तयार होत्या. मी दादाला विचारलं. तो माझ्याकडं तोंड करून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवून म्हणाला, "तिला कंपनीनंच पाठवलंय. तुम्हाला काढायला निमित्त हवंय. नाही म्हणा."

आणि मी स्टुलावर चढले. तू माझी भाषणं ऐकली आहेस, बाया मला भोंगा म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं झालं होतं. मी म्हटलं, बायांनो, बाहेरचा कान आपलं काय ऐकणार? आत आपला माणूस बसलाय. माझ्या पाठचा नाही, पुढचा भाऊ आहे. टाळ्या पडल्या, त्या मला ऐकू आल्या नाहीत, नुसते हात दिसले, आणि तेव्हाही मला कळलं नाही की मला ऐकू येत नाहीये. "आम्हाला बाहेरची तपासणी नको" असा कागद केला. पहिली सही माझी. खाली तीनशे नव्वद.

तो कागद आता कंपनीच्या वकिलाच्या फायलीत आहे. म्हणतो, बायांनी समजून उमजून, स्वखुशीनं तपासणी नाकारली, आता तक्रार कसली? हे मला महिन्याभरापूर्वी कळलं. मला वाटलं होतं, नोंदी मिळाल्या की त्या कागदाचं काही चालणार नाही. पण नोंदी खोट्या ठरल्या तरी तो कागद उभाच राहतो. माझ्या सहीवर.

तेव्हा शेवटचा रकाना राहील. दादाचं नाव राहील आणि त्याच्या शेजारी मी माझंही लिहीन. दादाला म्हणावं, ये आणि स्वतः बोल. बाकीचे काय म्हणतील ते म्हणोत, मी त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसेन. लहानपणी शाळेत मार खायची वेळ आली की तो तसाच बसायचा माझ्या बाजूला. तेवढं माझ्याच्यानं अजून होईल. त्याहून जास्त मागू नये.

आत्या

२६ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. विहिरीचं आलं तेव्हा म्हणाले, "पुढं वाच." शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तिला लिही, मी येत नाही. आणि लिही, मला बहीण नाही."

मी म्हटलं, "असं मी लिहिणार नाही."

म्हणाले, "मग मला मुलगीही नाही." आपली खुर्ची उचलून पलीकडच्या खोलीत घेऊन गेले. आता तिथंच जेवतात.

डॉक्टरणीबद्दल विचारलं. तिला खरंच कंपनीनं पाठवलं होतं का? दारातूनच म्हणाले, "मला काय ठाऊक कुणी पाठवलं होतं. ती आली असती तर माझे आकडे उघडे पडले असते."

हे लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मी एकदा तुझ्यापासून लपवलं, परत नाही लपवणार.

सोबत माझं सहीचं निवेदन आहे. सीडीवरची फाइल कशी उघडली, कुठल्या आज्ञा दिल्या, आणि दोघींनी काढलेल्या मूळ तक्त्यांत एका अक्षराचाही फरक नाही, हे त्यात आहे. बोलावलं तर मी येऊन सांगेन. नोंद करणारा माझा बाप आहे, हेही सांगेन.

चिमी

२९ मार्च

विणाई खात्यातल्या बायांनो,

वाचलंत. आता रडायचं असेल तर घटकाभर रडून घ्या, मीही तेच केलंय. मग माझ्याकडं नीट बघा, माझे ओठ वाचता आहात असं समजून.

तुमचे आकडे आता तुमच्या हातात आहेत. लिनक्सवर उघडलेला मूळ तक्ता, चारशे बारा ओळी, कुणाचंही नाव न गाळता मी चौकशीत देते आहे. मागांनीच आपले कान नेले हे त्यानं दिसेल. कंपनीकडं उरलाय तो एकच कागद, आपण स्वखुशीनं तपासणी नाकारली असं सांगणारा. तो कागद मी खोटा पाडू शकत नाही, कारण तो मीच केलाय. माझ्या भावानं मला फसवलं हे मी सांगेन, पण मी तुम्हाला फसवलं हे तुम्हीच सांगायला हवं. मला ते मुद्दाम करायचं नव्हतं, ही माझी सबब आहे, आणि ती तुम्ही ऐकून घेऊ नका. दादाची सबब मी पत्रात वाचली, तेव्हा माझ्या कानांत काही फरक पडला नाही.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, भोंग्याच्या विरुद्ध कशा बोलणार, तिनं आपल्यासाठी एवढं केलं. याच मायेनं आपण दादाच्या खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. ती माया या एका दिवसासाठी घरी ठेवा.

त्या कागदावर जिची जिची सही आहे, तिनं चार एप्रिलला सकाळी दहा वाजता चौकशी अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, माझ्याकडं बोट करायचं आणि माझ्याविरुद्ध जबानी लिहून द्यायची: "मी स्वखुशीनं नाही, हिच्या शब्दावर सही केली." खाली बिल्ला नंबर घाला.